वडिलांचे क्रिएटिनिन १.४ आले आहे. मूत्रपिंडे जपण्यासाठी आता काय करावे?

सेलूकर (जि. परभणी):
नमस्कार. माझे वडील ५८ वर्षांचे आहेत. त्यांना दहा वर्षांपासून मधुमेह आहे आणि दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळीही सुरू आहे. शेतातून आल्यावर गुडघे दुखतात म्हणून ते मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी घेतात. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा तर रोजच. गेल्या आठवड्यात रक्ततपासणीत क्रिएटिनिन १.४ आले. कागदावर १.३ ही वरची मर्यादा छापलेली असल्यामुळे ‘थोडेसेच वाढले आहे’ एवढेच आम्हाला सांगण्यात आले. त्यांना कसलाही त्रास नाही, पायांवर सूज नाही, लघवीही स्वच्छ होते. गावात मात्र कोणी रोज सहा लिटर पाणी पाजायला सांगतो, कोणी किडनी साफ करणारा काढा सुचवतो, तर कोणी डाळ बंद करा म्हणतो. माझ्या चुलत्यांची शेवटची तीन वर्षे डायलिसिसवर गेली. आठवड्यातून दोनदा त्यांना गाडीवर बसवून नेणारा मीच होतो, त्यामुळे हा आकडा मला थोडासा वाटत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

फिजिशियन, लातूर:
आपली काळजी रास्त आहे. क्रिएटिनिन हे स्नायूंतून तयार होणारे आणि मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून बाहेर टाकायचे टाकाऊ द्रव्य आहे, म्हणून नुसत्या आकड्यावरून अर्थ लागत नाही. वय आणि लिंग लक्षात घेऊन त्यावरून ‘ईजीएफआर’, म्हणजे मूत्रपिंडांच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, काढावा लागतो. ५८ वर्षांच्या पुरुषात १.४ म्हणजे हा वेग साधारण ५८ येतो. हेच १.४ त्याच वयाच्या बाईचे असते तर तो ४४ च्या आसपास आला असता, आणि तरीही तिला ‘थोडेसेच’ असेच ऐकावे लागले असते. वेग ६० च्या खाली तीन महिने टिकून राहिला तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणतात, म्हणून एका कागदावरून शिक्का मारू नका. तपासणी पुन्हा करून घ्या. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच निकामी झाल्या तरी उरलेल्या काम ओढून नेतात. त्रास नाही म्हणजे आजार नाही, असे या अवयवाच्या बाबतीत कधीच गृहीत धरता येत नाही.

रक्ताबरोबर लघवीतील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर अवश्य तपासा. ते ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असावे. मधुमेहात गाळणी आधी प्रथिने गळू देते आणि क्रिएटिनिन त्यानंतर, बऱ्याचदा कित्येक वर्षांनी, वाढू लागते. लघवी डोळ्यांना स्वच्छ दिसते यावरून काहीही ठरत नाही. खरे तर मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी, आणि तीच आपल्याकडे सर्वांत जास्त राहून जाते.

आता त्या वेदनाशामक गोळीबद्दल, कारण आपल्या पत्रातला सर्वांत काळजीचा भाग मला तोच वाटतो. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गटातील औषधे मूत्रपिंडात रक्त आणणारी नलिका मोकळी ठेवणारी द्रव्ये अडवतात. एरवी शरीर ते निभावून नेते. पण उन्हात घाम गेलेला, पोटात पाणी कमी, त्यात रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू, अशा वेळी तीच गोळी गाळण्याचा वेग एकाएकी खाली आणू शकते. ती आजच बंद करावी. गुडघ्यांसाठी डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, शेक आणि मांड्यांचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हा मार्ग धरावा. एक सावधगिरी: पुष्कळ गोळ्यांत पॅरासिटामॉलबरोबर अ‍ॅसिक्लोफेनॅक मिसळलेले असते, म्हणून पाकिटावरचे बारीक अक्षरातले घटक वाचूनच गोळी घ्या.

पाण्याने मूत्रपिंडे धुऊन निघत नाहीत. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी प्यावे, उन्हात काम असेल तेव्हा अधिक. सहा लिटरचा नेम करण्यात लाभ नाही. काढा देऊ नका, कारण त्यात काय आहे हे देणारालाही पुष्कळदा ठाऊक नसते, आणि काही भस्मांत शिसे व पारा सापडलेला आहे. डाळ बंद करण्याची गरज नाही. वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८ ग्रॅम प्रथिने घेण्यास हरकत नसते. आवरायचे आहे ते मीठ. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा, आणि भाकरीसोबतचा ठेचा, लोणचे, पापड यांतले मीठही त्यातच मोजायचे. सैंधव वापरल्याने हिशेब बदलत नाही. ‘कमी सोडियमचे’ मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात पोटॅशियम असते आणि दुबळ्या मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणे जड जाते.

रक्तदाब १३०/८० च्या खाली आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सात टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचा प्रयत्न करा. बाकी सर्व उपायांपेक्षा या दोन गोष्टी अधिक उपयोगी पडतात.

निवृत्त आरोग्यसेविका, हिंगोली:
वरील उत्तरात एक भर घालते. आमच्या भागातल्या शेतात निंदायला, वेचायला जाणाऱ्या बाया आडोसा नसतो म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्ग आणि मुतखडा यांचे मूळ बऱ्याचदा तिथेच असते, आणि दुर्लक्ष झाले तर त्याची झळ मूत्रपिंडांपर्यंत पोहोचते. जळजळ, थंडी-ताप किंवा कमरेत कळ आली की उपकेंद्रात जाऊन लघवी तपासून घ्यावी. आपल्या आईंनाही हे सांगा. तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब आणि साखर तिथे विनामूल्य तपासतात.

धारूर (जि. बीड):
माझे आई-वडील वीस वर्षे ऊसतोडीला गेले. मार्चनंतरच्या उन्हात फडात वाकून कोयता चालवायचा, आणि खाडा पडला तर उचलीच्या पैशांत कपात, म्हणून दोघेही सकाळी अंगदुखीची गोळी घेऊनच फडात उतरत. मध्य अमेरिकेतील एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत ना मधुमेह ना रक्तदाब असलेले तरुण ऊसतोड मजूर मूत्रपिंडाच्या आजाराने मोठ्या संख्येने दगावले आहेत, आणि उष्णतेत अतिश्रम व पाण्याची कमतरता हे त्याचे एक मोठे कारण मानले जाते, हे वाचल्यापासून मला ती सकाळची गोळी आठवत राहते. तिथे काही मळ्यांत सावली, पाणी आणि ठरावीक वेळाने विश्रांती देण्याचे प्रयत्न सुरू झाले. आपल्या टोळ्यांतही मुकादमांनी एवढे पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सेलूकर:
सर्वांचे मनापासून आभार. घरातील डबा उघडून पाहिला; दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत अ‍ॅसिक्लोफेनॅकच निघाले, म्हणजे वडील कधीकधी एकच औषध दोनदा घेत होते. दोन्ही पाकिटे बाजूला काढली आहेत. लघवीचा नमुना आज दिला असून अहवाल सोमवारी मिळेल.

फिजिशियन, लातूर:
फार चांगले केलेत. रक्तदाबाची गोळी मात्र भीतीपोटी स्वतःहून थांबवू नका. उलट्या किंवा जुलाब झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा, कारण तेवढ्या काळापुरत्या काही गोळ्या थांबवाव्या लागतात. आणि घरात चुलत्यांना हा आजार झालेला असल्यामुळे तुम्हा भावंडांचीही रक्तदाब, साखर आणि लघवीची तपासणी याच महिन्यात करून घ्या.