अब्राम गेम्स प्रेझेंटेशनला घेऊ का? सर म्हणतात प्रोपगंडावाला

रेघोट्या: अप्लाइड आर्ट तिसरं वर्ष. पोस्टर डिझायनरवर बोलायचंय, मी अब्राम गेम्स घेतला. लंडनचा, दुसऱ्या महायुद्धाआधी शेल तेल कंपनी, लंडन ट्रान्सपोर्टची पोस्टरं करायचा, १९४२ पासून ब्रिटिश वॉर ऑफिसचा (म्हणजे लष्कराचं खातं) अधिकृत पोस्टर आर्टिस्ट, शंभरेक पोस्टरं केली. सर म्हणाले हा सरकारी भोंपू, दुसरा बघ. काय करू?

खडूवाला: अजिबात बदलू नकोस! ते बडबडीचं पोस्टर बघितलंस का, सैनिकाच्या तोंडातून आवाजाच्या गोल गोल रेघा निघतात आणि फिरत फिरत त्यांचंच पातं होऊन पुढच्या तीन जवानांच्या आरपार जातं, मजकूर एवढाच की तुझी बडबड तुझ्याच सोबत्यांचा जीव घेईल. एअरब्रश (हवेनं रंग फवारायचं पेन) गेम्स वडिलांकडून शिकला, ते फोटोग्राफर. सेंट मार्टिन्स हे लंडनचं आर्ट स्कूल दोन टर्ममध्ये सोडलं (हे सरांना सांगू नकोस 😄). आधी बोटभर थंबनेलं, म्हणजे चिमुकली कच्ची चित्रं काढायचा, कारण लांबून पोस्टर तेवढंच दिसतं. आम्ही थेट ए-टूच्या मोठ्या कागदावर सुरू करतो आणि मग रडतो.

जुनाटब्लॉक: सर अगदीच चुकीचे नाहीत हं, पगार लष्कराचाच होता आणि काम लोकांना लढायला लावायचं. पण भोंपू म्हणायच्या आधी "तुमचा ब्रिटन, त्यासाठी आता लढा" ही मालिका बघ. त्यात फ्रँक न्यूबोल्ड या दुसऱ्या पोस्टर आर्टिस्टनं हिरव्या टेकड्या, मेंढपाळ असं गोड गोड काढलं, आणि गेम्सनं काढलं लंडनमधल्या फिन्सबरीचं नवंकोरं आरोग्यकेंद्र, मागे पडकी वस्ती, त्यात मुडदूस झालेलं पोर. म्हणजे जिंकल्यावर जुना देश नको, असा दवाखाना पाहिजे. चर्चिल भडकला, पोस्टर मागे घ्यायला लावलं. १९४१ ला महिला दलाच्या भरतीचं केलं, त्यातली बाई फारच ग्लॅमरस म्हणून पार्लमेंटमध्ये बोंब झाली, तेही गेलं. असला कसला भोंपू?

रेघोट्या: दवाखान्याचं माहीतच नव्हतं! मग तीच पहिली स्लाइड. पण माझ्याकडची इमेज एवढी फुटलीये की मागचं पोर नीट दिसतच नाही, चांगली कुठे मिळेल?

जुनाटब्लॉक: इम्पीरियल वॉर म्युझियमच्या साइटवर शोध. आणि न्यूबोल्डचं शेजारी लाव. तो वॉर ऑफिसमध्ये गेम्सचा असिस्टंट होता, वयानं मोठा असून.