पुरात भिजलेल्या गाडीला खालून अँटी-रस्ट कोटिंग करावं का? (बडोदा)

कारेलीबागकर:
नमस्कार मंडळी. माझी २०१७ची पेट्रोल हॅचबॅक आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा ती पार्किंगमध्येच अडकली, पाणी दाराच्या खालच्या कडेच्या वर होतं आणि ओसरेपर्यंत तसंच उभं होतं. नंतर कार्पेट, ऑइल, ब्रेक सगळं करून घेतलं, गाडी आता ठणठणीत चालते. पण परवा स्टेपनी लावायला जॅक लावला तर जॅक पॉइंटपाशी दोन पत्रे जिथे जोडलेत तिथून तपकिरी ओघळ आलेला, नखाने खरवडलं तर पोपडाच हातात आला. सर्व्हिसवाला म्हणतो कोटिंग मारून टाका, सकाळी द्या दुपारी न्या. बाबा म्हणतात बडोद्याला कुठे समुद्र आहे, उगाच खर्च. दिवाळीनंतर हरिहरेश्वरला जायचंय म्हणून जास्त काळजी वाटतेय. काय करू?

निझामपुरा_ड्रायव्हर:
करून घ्या, मी गाडी नवीन घेतली तेव्हाच केलं होतं. खडीचा आवाजपण कमी येतो. चार-पाच हजारांसाठी विचार करू नका.

पत्रेवाला_मकरपुरा:
कारेलीबागकर, थांबा, अजून मारू नका. मी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) शीटमेटलच्या कामात आहे, पत्रा प्रायमर पावडर कोटिंग हेच रोज बघतो म्हणून कळकळीने सांगतो. नव्या गाडीची गोष्ट वेगळी आणि गंज लागलेल्याची वेगळी. गंजावर मारलेलं कोटिंग गंज थांबवत नाही, फक्त झाकतं. लोखंड, पाणी, हवा, एवढंच गंजाला लागतं आणि तुमच्या त्या जोडात तिन्ही आहेत, शिवाय पुराचा गाळ, जो वरून खडखडीत वाळलेला दिसला तरी फटीत ओल धरून बसतो. त्यावर डांबराचा नाहीतर रबराचा काळा थर बसला की ओल आत कोंडली, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो त्यामुळे तो फुगून कोटिंगच उचलतो, मग त्या फटीत आणखी पाणी. बाहेरून मात्र सगळं काळं कुळकुळीत. आमच्याकडे एक पिकअप आली होती, खालून बघाल तर नवी वाटावी, पेचकसाच्या मुठीने ठोकलं तर टण्ण ऐवजी भद्द आवाज आला आणि टोक टेकवलं तर थरासकट आत गेलं, पत्रा उरलाच नव्हता, नुसता लाल चुरा.

तर आधी तशीच मूठ तुमच्या जॅक पॉइंटला आणि दाराखालच्या सिलला सगळीकडे ठोकून बघा. भोक पडलं असेल तर कोटिंगचा विषयच नाही, तेवढा पत्रा कापून नवीन वेल्ड करावा लागेल. आवाज घट्ट असेल तर काम सोपं आहे.

कारेलीबागकर:
ठोकलं. सगळीकडे घट्ट आवाज आहे, टोकही कुठे रुतत नाही, गंज जोडाच्या कडेलाच वाटतोय. आता पुढे?

पत्रेवाला_मकरपुरा:
छान, म्हणजे वेळेत बघितलंत. गाडी लिफ्टवर घ्या, चाकामागचे प्लास्टिक लायनर काढायला लावाच कारण गाळ त्यांच्यामागेच साठतो, प्रेशरने धुवा आणि मग उन्हात नीट वाळू द्या. सकाळी द्या दुपारी न्या मध्ये हे वाळणंच होत नाही, म्हणून मला त्या ऑफरवर भरवसा नाही. मग पोपडे निघेपर्यंत वायर ब्रश, जो गंज चिकटून राहील त्यावर रस्ट कन्व्हर्टर, त्यात टॅनिक किंवा फॉस्फोरिक ॲसिड असतं, टॅनिकवाल्याने तांबडा गंज काळा पडून पक्का होतो. वर इपॉक्सी प्रायमर (रंगाआधीचा पक्का थर), जोडात फट बुजवणारा सीम सीलर, आणि मग शेवटी कोटिंग.

बाबांचंही चूक नाही हं. बॉडी फॅक्टरीत ईडी म्हणजे विजेच्या करंटने बसवायच्या प्रायमरच्या टाकीत बुडवून काढलेली असते, करंटमुळे तो कानाकोपऱ्यात बसतो, जाडी साधारण २० मायक्रॉन. तो शाबूत असेल तर बडोद्यातल्या बडोद्यात फिरणाऱ्या गाडीला वरून काही मारायची घाई नसते. तुमच्या जॅक पॉइंटवर मात्र तो तुटलाय.

दांडियाबाजार_ताई:
एक गोष्ट कुणी लिहिली नाही म्हणून लिहिते. दाराच्या खालच्या कडेला आणि सिलखाली पाणी निघून जायला छोटी छोटी भोकं असतात, ती कोटिंगवाले बुजवून टाकतात! आमच्या गाडीला असंच झालं, पावसाळ्यात दार उघडलं की आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायचा आणि कुठून ते कळेना, शेवटी माझ्या भावाने खाली हात फिरवून भोक शोधलं आणि तारेने मोकळं केलं तर चिखलाचं गढूळ पाणी किती वेळ गळत होतं. म्हणून स्वतः उभं राहून आधी भोकांवर टेप लावून घ्या. सायलेन्सर, ब्रेकच्या डिस्क, ॲक्सलचे रबरी बूट, एबीएसच्या वायरी हेपण झाकून घ्यायला सांगा, सायलेन्सरवर पडलं तर जळून वास येत राहतो.

आणि कोकणात जाताय तर गाडी वाळूत उतरवू नका, लोक हौसेने नेतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं त्यामुळे खारं पाणी पूर्ण सुकतच नाही. परत आल्या आल्या खालून गोड्या पाण्याने भरपूर धुवा, कोटिंग असो नसो.

कारेलीबागकर:
ताई, हे भोकांचं खरंच माहीत नव्हतं, आजच बघतो. पत्रेवाले दादा, कोटिंग रबराचं घेऊ की वॅक्सचं? दुकानात दोन्ही दाखवतात.

पत्रेवाला_मकरपुरा:
चाकांच्या वर जिथे खडी आपटते तिथे रबराचं जाड, ते मार खातं. पण ते काळाने कडक होऊन तडकतं, म्हणून जोडांवर आणि सिलच्या आत मी वॅक्सच सांगेन, कॅव्हिटी वॅक्स म्हणून स्प्रे मिळतो, लांब नळी असते, आहे त्या भोकातूनच आत जाते. बॉडीला नवीन भोक पाडू देऊ नका, गंजाची वॉरंटी उरली असेल तर त्यावरून वाद होतात. वॅक्स धुऊन जातं, म्हणून दर पावसाळ्याआधी बघून लागेल तिथे परत मारायचं. आणि जॅक लावताना मध्ये रबरी पॅड ठेवा, नाहीतर नवीन प्रायमरही तिथेच सोलेल.