शब्दचर्चा: ‘कॉन्फॉर्मिस्ट’ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम:
एका फिल्म क्लबच्या पत्रकासाठी इटालियन दिग्दर्शक बर्नार्दो बर्तोलुच्चीवर टिपण लिहून दिलंय. त्याचा ‘इल कॉनफॉर्मिस्ता’ (१९७०) दाखवणार आहेत, म्हणजे ‘कॉन्फॉर्मिस्ट’, चारचौघांसारखंच वागणारा. नायकासाठी मी ‘प्रवाहपतित’ लिहिलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘अनुरूपतावादी’ केलं, का तर ते पारिभाषिक वाटतं. घरी वाचून दाखवलं तर सासूबाई म्हणाल्या, “अनुरूप म्हणजे स्थळ बघतोय का तो?” आता ‘अनुरूपतावादी’ दिसलं की मला पत्रिका आणि गुणमेलनच दिसतं. गुरुवारपर्यंत शब्द हवाय.

जुनी वही:
गतानुगतिक. तयार शब्द आहे, दुसरा शोधायचं कारण नाही. ‘गतानुगतिको लोकः न लोकः पारमार्थिकः’ हे सुभाषित शाळेत पाठ केलेलं. पुढचा गेला म्हणून मागचा गेला, एवढाच अर्थ.

तिरपागडा:
वहीकाका, ‘गतानुगतिक’ छापलं तर सिनेमाला तुम्ही आणि अर्धविराम दोघेच असाल. ‘होयबा’ म्हणा. तीन अक्षरं, सगळ्यांना कळतं.

रेघोटी:
होयबाला समोर साहेब लागतो. सिनेमाचा नायक मार्चेल्लो क्लेरिची, त्याच्यावर कुणी जबरदस्ती केलेली नाही. तो आपण होऊन फॅसिस्ट गुप्त पोलिसांकडे जातो, मधुचंद्रासाठी पॅरिसला निघालोय तर तिथे राहणाऱ्या जुन्या प्राध्यापकाचंही बघून येतो म्हणतो. होयबा इतका उद्योगी नसतो हो. तो टेबलाच्या अलीकडे बसून मान हलवतो.

तिरपागडा:
मग नंदीबैल.

रेघोटी:
तेच झालं. त्यालाही गुबुगुबू वाजवणारा लागतोच.

जुनी वही:
मग धोपटमार्गी घ्या. अनंत फंदींचा फटका आठवा, ‘बिकट वाट वहिवाट नसावी, धोपट मार्गा सोडू नको’. गंमत अशी की फंदींनी हे उपदेश म्हणून सांगितलं, आणि आज कुणाला धोपटमार्गी म्हटलं तर त्याला राग येतो. शब्द तोच, वळण उलटं. आमचे एक मास्तर निबंधावर ‘धोपट’ असा शेरा मारायचे. मला बरीच वर्षं ती शाबासकी वाटत होती.

अर्धविराम:
काका, शेरा भारी. पण माझी अडचण आता नीट सांगता येतेय. आपले हे सगळे शब्द आळशी माणसाचे आहेत. गतानुगतिक दुसऱ्याच्या मागे जातो, धोपटमार्गी सोपी वाट धरतो, प्रवाहपतित तर वाहतच जातो. मार्चेल्लोला मात्र चारचौघांसारखं होण्यासाठी घाम गाळावा लागतो. लहानपणी एका शोफरने त्याच्याशी लगट केली, त्याने त्याच्यावर गोळी झाडली आणि तो मेला असं धरून चालला. आपल्यात काहीतरी वाकडं आहे ही भीती त्याला तेव्हापासून. मग बेतशीर बायको करायची, पक्षाचं काम करायचं, चर्चमध्ये पापाची कबुली द्यायची. सर्वसामान्य होण्याची तो नोकरीच करतो म्हणा ना. त्या नोकरीत खूनही बसतो.

बर्तोलुच्चीचं कसब असं की हे मानसशास्त्र तो तोंडी सांगत नाही. बर्फाळ जंगलात प्राध्यापकाला भोसकतात, त्याची बायको आन्ना धावत येऊन मार्चेल्लोच्या मोटारीची काच बडवते. त्या बाईवर त्याचा जीव जडलेला. काचेच्या एका बाजूला तिचं किंचाळणं, दुसऱ्या बाजूला हा मागच्या सीटवर कोट घालून बसलेला. बघतो. दार उघडत नाही. या बसण्याला मराठीत काय म्हणायचं, तेवढं सांगा.

शेवंती७:
षंढपणा. पुढचा प्रश्न?

रेघोटी:
शेवंती, तो शब्द नको. सिनेमा ज्या पुरुषार्थाच्या कल्पनेला सोलून काढतो, तीच त्या शब्दात बसलीय.

शेवंती७:
आता शिव्याही तपासून द्यायच्या का?

कानामात्रा:
उशिरा आलो. टिपणातल्या ‘शैली’बद्दल बोलू का? तुम्ही लिहिलंय की या सिनेमाची ‘शैली देखणी असली तरी आशय गंभीर आहे’. हे ‘असली तरी’ खटकलं. शैली हा शब्द ‘शील’वरून आलाय. माणसाचं वागणं, रीत, स्वभाव, ते शील, आणि त्यावरून शैली. म्हणजे वरून चढवलेला मुलामा नव्हे.

तिरपागडा:
मी शैल म्हणजे डोंगर, त्यावरून शैली समजत होतो. दगडात कोरलेली वगैरे.

कानामात्रा:
सुंदर आहे, पण चूक आहे.

अर्धविराम:
कानामात्रा, हे मात्र पटलं, ते ‘असली तरी’ आत्ताच खोडलं. वित्तोरियो स्तोरारोचा कॅमेरा आठवा. मार्चेल्लोचा बाप वेड्यांच्या इस्पितळात आहे आणि ते इस्पितळ म्हणजे रोमच्या एउर भागातली अवाढव्य पांढरी इमारत. मुसोलिनीच्या राजवटीने १९४२ च्या जागतिक प्रदर्शनासाठी तो भाग बांधायला घेतला होता, युद्धामुळे प्रदर्शन झालंच नाही. सगळ्या रेषा सरळ, माणसं मुंगीएवढी. तिथे वेडा कोण ते इमारतच ठरवते. इतिहास, शैली आणि मन यांचे तीन वेगळे परिच्छेद मी पाडले होते, तेच चुकलं बहुतेक.

जुनी वही:
इतिहासावरून विचारतो, हे घडलेलं आहे का?

अर्धविराम:
कथा आल्बेर्तो मोराव्हियाच्या १९५१ च्या कादंबरीची. तिच्यामागे रोस्सेल्ली बंधूंचा खून आहे. कार्लो आणि नेल्लो, दोघेही फॅसिस्टविरोधी, जून १९३७ मध्ये फ्रान्समध्ये मारले गेले. मोराव्हियाचे ते आत्तेभाऊ. कादंबरी सरळ क्रमाने जाते. सिनेमा मात्र एका मोटारप्रवासात बसवलाय, त्यातून आठवणी मागेपुढे उसळतात. शेवटही बदललाय. कादंबरीत मार्चेल्लो विमानातून झालेल्या गोळीबारात मरतो, सिनेमात जगतो. ते जास्त वाईट.

रेघोटी:
शेवटावरून आठवलं. २५ जुलै १९४३, मुसोलिनी पडला ती रात्र. मार्चेल्लोला तोच शोफर जिवंत भेटतो, म्हणजे ज्या खुनापायी आयुष्य वाकवलं तो झालाच नव्हता. आणि हा काय करतो, तर शेजारी उभ्या असलेल्या आपल्या आंधळ्या मित्राकडे, इतालोकडे बोट दाखवून ‘हा फॅसिस्ट’ म्हणून ओरडतो. गाणी म्हणत चाललेला जमाव येतो आणि इतालोला वाहून नेतो. मार्चेल्लो मागे राहतो, बसलेला. तेव्हा अर्धविराम, तुमचा ‘प्रवाहपतित’ इतालोला द्या. कॉन्फॉर्मिस्ट काठावरच आहे.

अर्धविराम:
वा. म्हणजे माझा शब्द संपादकांनी खोडला ते बरोबरच, फक्त कारण चुकीचं.

कानामात्रा:
अवांतर: सगळे फॅसिस्ट लिहिताय. इटालियन उच्चार ‘फाशिस्ता’. मराठीत जुने लोक ‘फॅसिस्ट’ आणि ‘फॅशिस्ट’ दोन्ही लिहायचे. मूळ ‘फाशो’ म्हणजे जुडी, मोळी. शुद्ध मराठी करायचं तर मोळीवादी.

तिरपागडा:
मोळीवादी! कोण घाबरेल त्याला? लाकूडतोड्या वाटतो.

जुनी वही:
बर्तोलुच्ची चालतो, फॅसिस्ट चालतो, मग गतानुगतिकच का जड जातं? परका शब्द पाहुणा, घरचा शब्द ओझं, असं झालंय.

शेवंती७:
काका, घरचा कुठला? तोही संस्कृतातूनच आलाय. माझी आजी असल्या माणसाला ‘मम म्हणणारा’ म्हणायची. पूजेत गुरुजी सांगतील तिथे पळीतून पाणी सोडायचं आणि ‘मम’ म्हणायचं, संकल्पातलं अक्षर कळत नसलं तरी.

रेघोटी:
हे जवळ आलं. मम म्हणजे ‘माझं’. दुसऱ्याचा संकल्प आणि हा म्हणतो माझा. स्वतः हात पुढे करून म्हणतो, हेही मार्चेल्लोला लागू.

जुनी वही:
त्या ‘मम’चा अर्थ ‘माझं’ एवढाच धरू नका. ‘मम आत्मनः’ अशी सुरुवात असते, पुढचं यजमानाला येत नाही म्हणून तो पहिल्या शब्दावर थांबतो.

कानामात्रा:
‘न मम’ विसरलात. आहुती देताना ‘इदं न मम’ म्हणतात, हे माझं नाही. अगदी उलट.

अर्धविराम:
मंडळी, पत्रक छापून आलं. जागा कमी पडली म्हणून नायकाचं वाक्यच काढलंय. उरलं ते ‘इटालियन चित्रपट, १९७०’.

तिरपागडा:
ते ठीक. पण होयबामधला ‘बा’ म्हणजे बाप की ‘अरे बा’ मधला बा?