पॉइंट्स मोजू की कॅलरी? वरण शून्यात जातंय आणि काटा हलत नाहीये

पोळपाट (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधीची कहाणी ऐकून घ्या.

वय ४६, उंची ५ फूट २ इंच, दिवसभर खुर्चीवरचं काम. जानेवारीत १८४ पौंड भरले. ऑफिसातल्या मैत्रिणीने एका पॉइंट्सवाल्या योजनेत ओढलं. तिथे प्रत्येक पदार्थाला अंक. मला दिवसाला २३ अंक, आणि शिवाय एक भलीमोठी 'शून्य' यादी: फळं, भाज्या, अंडी, चिकन, बिनसायीचं दही आणि डाळी-कडधान्यं. मी शाकाहारी, अंडं खाल्लं तर केकमधलंच. ती यादी वाचून मला वाटलं, ही माझ्या आजीनेच लिहून दिलीय. वरण शून्य! मटकीची उसळ शून्य! दही शून्य!

पहिले चार महिने झकास गेले. चहाचे तीन कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, तिचे पॉइंट्स डोळ्यांसमोर आले तशी साखर आधी निम्मी झाली, मग सुटलीच. मीटिंगमधला मफिन एकटाच दिवसाचे निम्म्याहून जास्त अंक गिळतो हे कळल्यावर त्याच्याकडे बघणंही बंद केलं. मे महिन्यात १७१. आणि तिथेच मुक्काम. आज ऑगस्टचा मध्य. पॉइंट्स रोज २३ च्या आत, कधी कधी २०. काटा १७१, १७१.४, १७०.८, १७१.

नवरा म्हणतो, कॅलरी मोज, त्यात लबाडी चालत नाही. पण प्रत्येक घास काट्यावर ठेवायचा मला मनस्वी कंटाळा. आणि ॲपमध्ये 'दाल' शोधलं तर वाटीला १०० पासून ३५० पर्यंत काहीही दाखवतं. वाटी कोणाची, ते विचारू नका.

दोन्ही प्रकार करून बघितलेलं कोणी आहे का इथे?

बाकरवडी_बुवा

दोन वेळा जेवा, ५५ मिनिटांत आटपा, मधे काही खाऊ नका. डॉ. दीक्षित सांगून थकले. ना पॉइंट ना कॅलरी. धागा बंद करा :)

पोळपाट

बुवा, तुम्ही येणार हे ठाऊकच होतं. माझा भाऊ तेच करतो आणि त्याचं बरं चाललंय. पण ५५ मिनिटांत मी किती वरण रिचवू शकते हे तुम्ही पाहिलेलं नाही.

काटेकोर (पुणे)

पोळपाटताई, दुखणं तुम्हीच शीर्षकात लिहिलंय.

पॉइंट्स म्हणजे वेष बदललेली कॅलरीच. ते ज्यांनी आणले ती वेट वॉचर्स ही वजन उतरवणाऱ्यांची संस्था १९६३ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात जीन नायडेच नावाच्या गृहिणीने सुरू केली, पण तेव्हा पॉइंट्स नव्हते. अमेरिकेत ते आले १९९७ मध्ये. पहिलं सूत्र अगदी साधं होतं: कॅलरी भागिले ५०, अधिक फॅटचे ग्रॅम भागिले १२, वजा फायबरचे ग्रॅम भागिले ५ (फायबर ४ ग्रॅमच्या वर धरायचं नाही). तेवढाही हिशोब नको म्हणून पुठ्ठ्याची सरकपट्टी मिळायची. २०१० मध्ये सूत्र बदललं आणि फळं शून्य झाली. २०१५ च्या शेवटी पुन्हा बदललं: साखर आणि सॅच्युरेटेड फॅटला दंड, प्रोटीनला सूट. २०१७ च्या शेवटी शून्य यादी दोनशेच्या वर गेली, त्यात अंडी, चिकन आणि डाळी आल्या. तुमची योजना कोणाची का असेना, घराणं हेच दिसतंय.

यामागचा विचार वाईट नाही. उकडलेले चणे खाऊन सहसा कोणी जाडं होत नाही, म्हणून ते मोजायलाच लावायचे नाहीत. पण ही यादी केली ती डाळ कधीमधी खाणाऱ्यांसाठी. आपण डाळ दोन वेळा खातो, भातावर ओततो, आणि वर फोडणी. शून्य पॉइंट म्हणजे शून्य कॅलरी नव्हे. तूरडाळ कोरडी १०० ग्रॅम घेतली तर साधारण ३३५ कॅलरी, तांदळाच्या अगदी पाठीला पाठ लावून.

सूत्राची एक गंमत सांगतो. २०१५ च्या सूत्राचे गुणक लोकांनी उलगडून काढलेत. ते लावले तर १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्याला १९ च्या आसपास पॉइंट्स पडतात आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांना १७ च्या आसपास. कॅलरी बघाल तर खोबरं ३५४, दाणे ५६७. म्हणजे देशावरचा दाण्याच्या कुटाचा महाद्या पॉइंट्समध्ये स्वस्त आणि कोकणातली नारळ घातलेली आमटी महाग! खोबऱ्यातल्या सॅच्युरेटेड फॅटला दंड बसतो म्हणून. त्यामागे हृदयाचा विचार असेल, तो असू दे. पण वजनाचा काटा हृदय बघत नाही.

आता तुमचा आकडा. वय-उंची-वजनावरून मिफ्लिन सूत्राने (१९९० चं आहे) नुसतं पडून राहायला १,३७० कॅलरी लागतात. बसकं काम आणि थोडं चालणं धरून १,८५० ते १,९००. यातून ४०० कमी केल्या तर रोज १,४५०-१,५००. जानेवारीत १८४ पौंडांना हा खर्च जरा जास्त होता. वजन उतरलं तसा खर्चही उतरला, आणि शून्यातलं वरण मात्र वाढत गेलं असणार. कारण भूक लागली की शून्याकडेच हात जातो. मीही तेच केलं होतं, फक्त माझ्या बाबतीत ती केळी होती. दिवसाला पाच.

प्रत्येक घास तोलू नका. पातेलं तोला. रिकाम्या पातेल्याचं वजन त्याच्या बुडाला मार्करने लिहून ठेवा. कच्ची डाळ, तेल, गूळ घालताना मोजा. शिजल्यावर पातेल्यासकट वजन करा, रिकाम्याचं वजा करा. मग तुमची वाटी एकदाच तोला. पुढे महिनाभर काही करावं लागत नाही, कारण आपण वरण रोज त्याच हाताने करतो. पोळीचंही तसंच: दहा उंडे एकत्र तोला, कोरडी कणीक किती घेतली होती ती दहाने भागा. १०० ग्रॅम कणकेला ३४० धरा.

आणि तेल! तेलाचा डबा कधी आणला नि कधी संपला एवढंच लिहा. बाकी हिशोब मी करून देतो.

सोलकढी (रत्नागिरी)

काटेकोर, नारळाच्या नादी लागू नका, महागात पडेल.

ताई, मी पॉइंट्स केलेले नाहीत, कॅलरी मात्र दोन वर्षं मोजल्या. ८१ किलोवरून ६७ वर आले, म्हणजे उपयोग झाला नाही असं म्हणणार नाही. पण दुसरी बाजूही ऐका. शेवटी शेवटी मी हळदीकुंकवाला गेले की हातावर तिळगूळ घेऊन उभी राहायचे आणि मनात वजन करायचे. बारा ग्रॅम? पंधरा? समोरची बाई 'गोड बोला' म्हणतेय आणि मी फोनमध्ये आकडा टाकतेय. मुलीने एकदा विचारलं, "आई, तू जेवतेस की परीक्षा देतेस?" त्या दिवशी ॲप काढून टाकलं.

आता काही मोजत नाही. दोन वर्षांत वाटी डोळ्यांत बसलीय, तेवढी पुरते. तीन किलो परत आले, येऊ देत.

मोजलेले आकडेही देववाणी नसतात. अमेरिकेत पाकिटावरच्या आकड्यापेक्षा प्रत्यक्षात २० टक्के जास्त निघालं तरी कायद्यात बसतं. बदामांचं तर तिथल्या कृषी खात्याच्या संशोधकांनीच २०१२ मध्ये दाखवलं की मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम बदामांतून शरीराला मिळतात १२९ कॅलरी, आणि नेहमीच्या हिशोबाने धरल्या जायच्या १७० च्या आसपास. चावून न फुटलेलं तसंच बाहेर जातं. तेव्हा शेवटच्या पाच कॅलरींसाठी जीव टाकू नका.

आणि साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचारा. माझ्या नणंदेला भर दुपारी घाम फुटून थरथर सुटली होती, म्हणून सांगतेय.

काटेकोर

+१. बदामांचं बरोबर आहे. नारळाबद्दल शब्द मागे घेत नाही.

पोळपाट

तीन आठवड्यांनी परत आलेय. गोळ्या-बिळ्या काही चालू नाहीत, सोलकढी, पण विचारलंत, बरं वाटलं.

पातेलं तोललं. आमच्या घरी एका वेळेला २०० ग्रॅम तूरडाळ लागते. फोडणीला मी 'थोडंसं' तेल घालते. हे थोडंसं पहिल्यांदा काट्यावर धरलं तर २७ ग्रॅम. मी परत ओतून बघितलं, काट्याची बॅटरी गेली की काय म्हणून. २६ ग्रॅम. गूळ १५. सगळ्याची बेरीज ९७० कॅलरी. शिजून वरण झालं १,४०० ग्रॅम. आणि माझी वाटी, जिला मी सात महिने 'एक वाटी' म्हणत होते, ती २३० ग्रॅमची निघाली. सासूबाईंची पितळी, खोलगट. तिला वाटी म्हणणं म्हणजे घंगाळाला तांब्या म्हणण्यासारखं.

एका वाटीत १६० कॅलरी. दुपारी दोन, रात्री दोन. म्हणजे ६४०. माझ्या वहीत या आकड्याच्या जागी सात महिने भोपळा आहे! योजनेने फोडणीचं तेल वेगळं मोजायला सांगितलं होतं, ते मी वाचलंही होतं. पण फोडणी म्हणजे वरणच, अशी माझी समजूत. दोष यादीला देत नाही.

तेलाच्या डब्याचंही केलं. पावती सापडली. तीन लिटरला जरा कमी असलेला डबा आम्हा तिघांना ३५ दिवस पुरला. काटेकोरांनी विपूत (माझ्या विचारपूस पानावर) हिशोब पाठवला: दरडोई दिवसाला सव्वादोनशे कॅलरी निव्वळ तेलाच्या. तळण त्या महिन्यात एकदाच, तेसुद्धा मुलाच्या वाढदिवसाचे बटाटेवडे. लेक म्हणतो, मी तर डॉर्ममध्ये होतो अर्धा महिना. म्हणजे आकडा आणखी वर.

पोळीचा उंडा ६० ग्रॅमचा, त्यात कणीक ३७. सव्वाशे कॅलरी. घडीत तेल आणि वर तूप धरलं की दोनशेला टेकते. फुलका करते म्हटलं तर नवरा म्हणाला, "मोज म्हटलं होतं, बदल म्हटलं नव्हतं."

आणि एकादशी. उपास म्हणून पॉइंट्सच्या वहीत मी त्या दिवशी अभिमानाने 'हलकं' लिहायचे. एका ताटलीचा साबुदाणा कोरडा ६० ग्रॅम, दाण्याचं कूट २५, तूप १०, बटाट्याच्या चार फोडी. पावणेपाचशेच्या पुढे. मी दोन ताटल्या खाते. एकादशी दुप्पट खाशी हे ज्याने म्हटलं त्याच्याकडे किचनमधला काटा असणार.

तर आता काय करतेय: पॉइंट्स बंद केले. पण साखर आणि मफिनबद्दलची अक्कल त्यांनीच दिली, ती ठेवलीय. कॅलरी फक्त घरच्या पाच गोष्टींच्या मोजून फ्रिजवर लावल्यात: वरण, पोळी, भात, उसळ, तेल. बाकी भाज्या-फळं मोजत नाही. फोडणीला पळी बंद, चहाचा चमचा. पहिल्या दिवशी मोहरी तडतडेना, तेलात बुडायलाच तयार नाही. मग फोडणीची कढलीच लहान आणली, पटेल ब्रदर्समधून. आता तडतडते. वाटी बदलली, स्टीलची, १३० ग्रॅमची. पितळीत चिंच भिजत घातलीय.

वजन १६८.६. तीन आठवड्यांत सव्वादोन-अडीच पौंड. त्यात पाणी किती नि चरबी किती, देव जाणे.

एक शेवटचं. परवा गणपती. उकडीच्या मोदकाचं काय?

काटेकोर

मध्यम मोदक: तांदळाची पिठी २० ग्रॅम, ओलं खोबरं २०, गूळ १५. दोनशेच्या आसपास. तुपाची धार वेगळी, चमच्याला ४५.

बाकरवडी_बुवा

गणपतीसमोर वजनकाटा! ५५ मिनिटांत कितीही खा, मी मखराआडून घड्याळ लावून बसतो.

सोलकढी

खोबरं रत्नागिरीचं असेल तर मोजायचं नाही.

पोळपाट

खोबरं फ्रोझन होतं, केरळचं, त्यामुळे मोजलं. पाच खाल्ले. तूप धरून सव्वाबाराशे. फ्रिजवर लिहिलंय, खाली नवऱ्याने स्वतःचे नऊ लिहिलेत.