वर्डप्रेस साइट हलवताना विजेट आणि सेटिंग गायब: सिरियलाइज्ड डेटातला पत्ता कसा बदलायचा?

सागरवेळ, गुहागर
होमस्टेची वर्डप्रेस साइट नव्या सर्व्हरवर, नव्या डोमेनवर न्यायची आहे. चाचणीसाठी डेटाबेसचा डम्प (सगळ्या नोंदींची टेक्स्ट फाइल) टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून जुन्या पत्त्याच्या जागी नवा घातला आणि इम्पोर्ट केला. लेख आणि फोटो व्यवस्थित आहेत. पण फूटरमधली विजेट गेली, थीमचा लोगो-रंग मूळ स्थितीला आला, खोल्यांच्या दरांचं सेटिंग रिकामं दिसतं. एरर लॉग कोरा. जुनी साइट अजून चालू आहे. दिवाळीच्या बुकिंगआधी काम उरकायचंय, बरोबर क्रम कोणता?

माडाखाली, सावंतवाडी
जुनी साइट चालू आहे म्हणजे काहीच गेलेलं नाही. चाचणीची प्रत टाकून द्या आणि मूळ डम्प पुन्हा, हात न लावता, इम्पोर्ट करा.

कारण असं: विजेट, थीमची सेटिंग, बऱ्याच प्लगइनचे पर्याय हे पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) एकाच ओळीत बांधून, म्हणजे सिरियलाइज करून, ठेवतं आणि प्रत्येक मजकुरापुढे त्याची लांबी लिहितं. जुना पत्ता २५ बाइटचा असेल तर पुढे २५ हा आकडा असतो. एडिटरने पत्ता ३१ बाइटचा केला, पण आकडा २५ च राहिला. वाचताना पीएचपी २५ बाइट मोजतं, तिथे अवतरणचिन्ह सापडत नाही आणि फक्त तो पत्ता नव्हे, अख्खी नोंद नाकारतं. नाकारल्याची सूचना वर्डप्रेस दाबून टाकतं म्हणून लॉग कोरा. लेखांचा मजकूर असा बांधलेला नसतो, म्हणून तो वाचला. पीएचपी माय अ‍ॅडमिनमध्ये रिप्लेस क्वेरी (थेट डेटाबेसला दिलेली शोधून बदलायची आज्ञा) चालवली तरी हेच होणार. एचटीटीपीचं एचटीटीपीएस केलं, एकच अक्षर वाढलं, तेवढंही पुरतं.

पत्ता इम्पोर्टनंतर, डब्ल्यूपी-सीएलआयच्या (कमांडने वर्डप्रेस हाताळायचं साधन) सर्च-रिप्लेसने बदला. ते नोंद सोडवतं, आत बदल करतं आणि नव्या लांबीने पुन्हा बांधतं. आधी ड्राय-रन (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) हा पर्याय लावून कुठल्या टेबलात किती बदल होतील ते पाहा. मग प्रिसाइज हा पर्याय लावून खरं चालवा आणि गाइड (जीयूआयडी, लेखाची कायमची ओळख) कॉलम वगळा. फीड वाचणारे त्यावरूनच लेख ओळखतात. प्लगइनची स्वतःची टेबलं असतील तर ‘ऑल-टेबल्स-विथ-प्रीफिक्स’ हवंच, नाहीतर ती सुटू शकतात. सर्व्हरवरचा फाइलचा पूर्ण मार्गही सेटिंगमध्ये दडलेला असतो, त्यासाठी याच कमांडची दुसरी फेरी.

खाडीपलीकडे, मालवण
वरचं सगळं बरोबर. मराठी साइटसाठी एक भर: लांबी बाइटमध्ये असते, अक्षरांत नाही. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजायची. ‘हापूस’ म्हणजे ह, काना, प, दीर्घ ऊकार, स; ५ चिन्हं, १५ बाइट. त्यामुळे डम्प घेताना कॅरेक्टर सेट बदलला तर पत्त्याला हात न लावताही मराठी विजेट मोडतात. दोन्हीकडे यूटीएफ-८-एमबी-४ ठेवा. डम्प विंडोजच्या एडिटरमध्ये उघडून सेव्हसुद्धा करू नका. ओळीच्या शेवटी जास्तीचा बाइट शिरू शकतो.

सागरवेळ, गुहागर
आभारी आहे. काही पानं एलिमेंटरमध्ये (पानं रचायचं प्लगइन) आहेत, तीही यात येतील का? आणि इथे पावसात लाइन मधेच तुटते. कमांड अर्धवट राहिली तर?

माडाखाली, सावंतवाडी
एलिमेंटर पानाचा आराखडा जेसन या दुसऱ्या मांडणीत ठेवतं. तिथे लांबीचा प्रश्न नाही, पण प्रत्येक तिरप्या रेघेआधी उलटी रेघ असते, त्यामुळे साधा पत्ता जुळतच नाही. एलिमेंटरच्या टूल्समधलं ‘रिप्लेस यूआरएल’ वापरा, मग त्याच्या सीएसएस (रंगरूपाच्या) फाइल पुन्हा तयार करून घ्या.

लाइनसाठी सर्व्हरवर टीमक्स किंवा स्क्रीन (लाइन तुटली तरी काम चालू ठेवणारे प्रोग्रॅम) उघडून त्यातच कमांड द्या. तुमच्याकडचं इंटरनेट गेलं तरी काम तिकडे चालू राहतं. तरीही अर्धवट राहिलीच, तर जुना पत्ता नव्या पत्त्याचा भाग आहे का ते आधी बघा. असेल तर दुसऱ्या फेरीत आधीच बदललेल्या ठिकाणी जोड दुप्पट लागते; तेव्हा नव्याने इम्पोर्ट करूनच सुरुवात करावी. नसेल तर तीच कमांड पुन्हा चालवायला हरकत नाही.

भरतीओहोटी, अलिबाग
मूळ डेटाबेस हाताशी नसेल, मोडलेलाच उरला असेल, तर एक वाट आहे. पीएचपीच्या रेगेक्सने (नमुना देऊन मजकूर शोधायची पद्धत) प्रत्येक मजकूर शोधून लांबी नव्याने लिहायची. लांबी बाइट मोजणाऱ्या एसटीआरलेन फंक्शनने मोजा. एमबी-एसटीआरलेन चिन्हं मोजतं, ते ‘हापूस’चे ५ देईल आणि नोंद पुन्हा मोडेल. मजकुरातच अवतरणचिन्ह आणि लगेच अर्धविराम आला तर रेगेक्स चुकीच्या जागी थांबतो, असल्या नोंदी हातानेच बघाव्या लागतात. मोडलेल्या प्रतीत कस्टमायझर किंवा विजेटचं पान सेव्ह करू नका. रिकामी सेटिंग मूळ नोंदीवर लिहिली जातात आणि मग दुरुस्त करायलाही काही उरत नाही.

तपासणीसाठी ऑप्शन्स आणि पोस्टमेटा टेबलातली प्रत्येक सिरियलाइज्ड नोंद उलगडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट चालवा. उत्तर फॉल्स आलं की नोंद मोडलेली. अपवाद एकच, ‘बी:०;’. तिचं खरं मूल्यच फॉल्स असतं, ती यादीतून वगळा.