प्रति: शिक्षकांचे मोबाइल गट – थोडा अक्षरांचा हिशेब

'आफ्रिकेत शिक्षकांचा व्हॉट्सअ‍ॅप गट काढला की देवाणघेवाण आपोआप सुरू होते,' असं या चर्चेतल्या आधीच्या पोस्टमध्ये म्हटलंय. तसं होत नाही. मोठ्या गटात चार जण बोलतात, बाकीचे शुभेच्छा पाठवतात (हा रोग फक्त आपल्याकडचा नाही!). २०-२५ जण आणि एकच विषय पुरे. आठवड्याला एकच प्रश्न टाकायचा: 'अपूर्णांकांच्या बेरजेत मुलं नेमकी कुठे अडतात? वहीच्या पानाचा फोटो टाका.' शुक्रवारी पाळीपाळीने एकाने सार लिहायचं. व्हिडिओ नकोत, डेटाचे पैसे बहुतेकदा शिक्षकाच्याच खिशातून जातात.

साध्या फोनवाल्यांसाठी एसएमएस, पण तिथे मेख आहे. पूर्व आफ्रिकेतली स्वाहिली साध्या रोमन अक्षरांत लिहितात, म्हणून तिच्यात एका संदेशात १६० अक्षरं मावतात. नायजेरियातल्या योरुबात रोमन अक्षराखालचं एक टिंब आलं की अख्खा संदेश युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांसाठीच्या, जास्त जागा खाणाऱ्या सांकेतिक पद्धतीत) जातो आणि मर्यादा ७० वर येते. त्यापुढे ६७-६७चे तुकडे, प्रत्येकाचे पैसे वेगळे. इथिओपियातल्या अम्हारिकची लिपीच वेगळी, तिचं तेच, मराठीचंही. आपल्याकडे तर काना-मात्राही मोजले जातात.

एकाच अ‍ॅपवर विसंबू नका. दक्षिण आफ्रिकेत २००७ पासून 'डॉ. मॅथ' ही सेवा मिक्सिट या मोबाइल चॅट अ‍ॅपवर मुलांच्या गणिताच्या शंका सोडवायची. पुढे मिक्सिटच बंद पडलं. सदस्यांचे नंबर वहीत उतरवून ठेवा.