अमेरिकेतल्या घरगुती बंदुकीला नंबर लागतो का?

कोथरूडकर: भाऊ टेक्ससला एच-वन-बी वर आहे, त्याच्या रूममेटने किट मागवून पिस्तूल जोडलंय, त्यावर सिरीयल नंबरच नाहीये. मला तर टेन्शन आलंय. हे तिकडे चालतं का?

भोसरी_सीएनसी: फेडरल म्हणजे तिकडच्या केंद्राचा नियम ऑगस्ट २०२२ पासून लागू आहे. सहज बंदूक होईल असं किट म्हणजे बंदूकच, त्यामुळे विकणाऱ्याला लायसन्स पाहिजे, फ्रेमवर (पिस्तुलाच्या मूळ सांगाड्यावर) नंबर पाहिजे आणि गिऱ्हाइकाचा बॅकग्राउंड चेकपण. कंपन्या कोर्टात गेल्या होत्या, पण मार्च २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ७ विरुद्ध २ ने नियम कायम ठेवला. आधी ८० टक्के तयार फ्रेम विकायचे, चार भोकं पाडली की झालं काम! आमच्याकडचा शिकाऊ पोरगासुद्धा ड्रिल मशीनवर करेल.

कोथरूडकर: अहो पण त्याने आधीच घेतलंय ना, आता?

सदाशिव_पेठी: स्वतःपुरतं ठेवलं तर फेडरल कायदा नंबर मागत नाही, डीलरने ताब्यात घेतलं तर मात्र ७ दिवसांत त्याला टाकावा लागतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत वेगळं, तिकडे कडक आहे. पण रूममेटचं सोडा हो, भावाचं बघा, एच-वन-बी वाल्याला शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगताच येत नाही, तेव्हा हातपण लावू नको म्हणावं.

भोसरी_सीएनसी: आणि इकडे कोणी असले उद्योग करू नका रे, शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवलं तर कमीत कमी ७ वर्षं आत.

कोथरूडकर: आजच फोन करतो त्याला.